अव्वाच्या गुडघ्याचं गाणं

आमच्या घरात व्यायामाची गाणी निवडायचं खातं गुरुकडं गेलं, तिथंच सगळं चुकलं. गुरु म्हणजे माझा नवरा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान असे झालेत, की बायकोची हाक ऐकू येत नाही आणि स्पीकरचा आवाज मात्र कायम कमीच वाटतो. अशा माणसानं आपल्या आईच्या गुडघ्यासाठी संगीत निवडायला घेतलं.

त्याच्या आईचं नाव काशम्मा. घरात सगळे अव्वा म्हणतात. मी तोंडावर तुम्ही म्हणते, मनात ती. तर अव्वाचा उजवा गुडघा बदलला होता. ऑपरेशन छान झालं, पण भूल उतरताना तिच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि आयसीयूच्या दारात बसून गुरु ढसाढसा रडला. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की गुडघा काटकोनात तरी वाकला पाहिजे. पुढच्या तपासणीपर्यंत तेवढा वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल, आणि ह्या हृदयाला पुन्हा भूल द्यायची त्यांना भीती वाटते. म्हणजे व्यायाम नाही केला तर एक तर पाय लाकडासारखा राहणार, नाही तर जीव टांगणीला लागणार.

हे सगळं अव्वानं नीट ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन पलंगावर पडली ती पडलीच. पाय वाकवला की दुखतो, दुखतो म्हणून वाकवायचा नाही, आणि वाकवला नाही म्हणून तो जास्तच दुखतो. अक्कलकोटकडच्या मैंदर्गी गावच्या ह्या बाईचा हट्ट मला लग्नापासून ठाऊक होता, पण ती तो स्वतःच्याच गुडघ्याशी धरेल असं वाटलं नव्हतं.

मंजुनाथ नावाचा फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी घरी यायचा. गोड बोलणारा, मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा मुलगा. तो आला की अव्वा त्याच्या आईची चौकशी करायची, मग मामांची, मग अजून लग्न का नाही याची, आणि तोवर त्याची जायची वेळ व्हायची. शेवटी वैतागून तोच म्हणाला, आवडीची गाणी लावून बघा, गाण्यात माणूस दुखणं विसरतो. गुरुला एवढं पुरे होतं. त्याच संध्याकाळी तो पिठाच्या डब्याएवढा स्पीकर घेऊन आला.

पहिल्या दिवशी भक्तिगीतं झाली. अव्वानं हात जोडले, डोळे मिटले आणि दुसऱ्या गाण्याला घोरायला लागली. देवाचं चाललंय म्हणून तिला कुणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी जुनी कन्नड सिनेमाची गाणी लावली. तिला माझे सासरे अण्णाराव आठवले. ते तिला दवाखान्याच्या नावाखाली सिनेमाला कसे न्यायचे हे तिनं सविस्तर सांगितलं, डोळे पुसले आणि चहा मागितला. मग गुरुनं डीजेचं काहीतरी लावलं, सोलापुरात मिरवणुकीला वाजतं तसलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, समोरच्या घरातली माणसं कुणाची मिरवणूक आली म्हणून फाटकाशी येऊन उभी राहिली. अव्वानं कानावर उशी दाबून धरली. मंजुनाथनं त्याच्या जिममधलं एक इंग्रजी गाणं ऐकवलं. अव्वानं ते थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, त्या माणसाला कोण मारायलंय.

हलगीनं जरा आशा दाखवली. हलगी सुरू होताच अव्वाचे खांदे हलले, हात नाचले, मानसुद्धा डोलली. पाय तेवढे जागेवर राहिले. गुरु ह्याला प्रगती म्हणत होता. मी काहीच म्हणत नव्हते, कारण त्या घरात काही न म्हणण्याची मला सवय लागली होती.

आणि मग आमच्या लग्नाचा वाढदिवस आला. गुरु विसरला, मीही आठवण करून दिली नाही, पण माझा चुलत भाऊ धनाजी असल्या तारखा विसरत नाही. त्यानं माझ्या माहेराहून, नातेपुत्याहून, आमच्या लग्नाचा एक व्हिडिओ पाठवला. मी तो बघायला घेतला, तेवढ्यात गच्चीवरची चादर वाऱ्यानं उडालेली दिसली म्हणून मी फोन तसाच स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून वर पळाले. खाली आले तर पलंग रिकामा. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर अव्वा वॉकरवर उभी. एका हातात माझा फोन. फोनमधून माझ्या आईचा आवाज खणखणत होता आणि अव्वा त्या काचेवर बोटं आपटत होती.

"बंद माड," ती म्हणाली. "ही बया बंद कर आधी."

पलंगापासून ओट्यापर्यंत ती आपली आपण चालत आली होती. गुरु, मंजुनाथ, देव, डीजे ह्यांपैकी कुणालाही जे जमलं नव्हतं, ते माझ्या आईनं आठ वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतून केलं होतं.

आता हे नीट सांगायला पाहिजे. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत मुलीकडच्या बायका वरमाईवर गाणी म्हणतात. तिचं अंग, तिचं खाणं, तिचा पोरगा, सगळं धुऊन काढतात. राग मानायचा नसतो. मुलाकडच्या बायकांनी तिथल्या तिथं तसंच उलटं म्हणायचं असतं आणि मग सगळ्यांनी मिळून हसायचं असतं. मैंदर्गीकडंही हीच रीत आहे, तिकडं कन्नडमधून म्हणतात एवढंच. पण आमचं लग्न प्रेमाचं, आणि जातीबाहेरचं. मैंदर्गीची भावकी रुसून बसली, लग्नाला फिरकली नाही. मुलाकडून बायका म्हणाल तर अव्वा, एक बहिरी मावशी आणि शेजारची एक बाई. इकडं माझी आई, गोजरबाई. नातेपुत्यात कुणाचंही लग्न असो, गाण्याला तिला बोलावणं असतंच. तिनं त्या दिवशी सूर लावला:

विहीण बसली पाटावरी, पाट करकर बोलला
माझं काय चुकलं म्हणून सुताराकडं गेला

मांडव हसून लोळला. उलट म्हणायला अव्वाच्या बाजूला कुणी नव्हतं. आईनं एकावर एक गाणी म्हटली आणि अव्वा खाली मान घालून जेवत राहिली. आम्हाला वाटलं, शांत स्वभावाची बाई आहे. उत्तर मिळालं की ते गाणं थट्टेवारी जातं. उत्तर मिळालं नाही तर ते नुसतं उणंदुणं होऊन बसतं, आणि अव्वा ते आठ वर्षं घेऊन बसली होती.

मी मंजुनाथला हा प्रकार सांगितला. तो गालात हसला आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवसापासून फोन दिवाणखान्यात टीव्हीपाशी, मग देवघराच्या कोनाड्यात, मग थेट पायऱ्यांच्या वरच्या टोकाला. आईचं गाणं लावायचं आणि आपण बाजूला व्हायचं. अव्वा आधी उशी फेकायची. उशी पुरेना झाली की दात-ओठ खात उठायची. चालताना तोंडानं कन्नडमध्ये जे काही चालायचं ते मंजुनाथला कळायचं, त्याचे कान लाल व्हायचे.

पण नुसतं चालून भागत नव्हतं, गुडघा वाकायला हवा होता. त्यालाही मंजुनाथनं युक्ती काढली. अव्वाला खुर्चीवर बसवायचं, समोर गुळगुळीत फरशीवर गुरुच्या मागावरचा टॉवेल पसरायचा, त्याच्या ह्या टोकावर तिची टाच आणि त्या टोकावर गाणारा फोन. फोन हवा असेल तर टाच पुन्हा-पुन्हा पुढं टेकवून मागं ओढायची, टॉवेल सरकत येतो, त्याबरोबर फोन येतो, आणि गुडघा वाकतो. व्यायाम म्हणून सांगितलं असतं तर तिनं मरेपर्यंत केलं नसतं. आईचा गळा आवळायला मिळणार म्हटल्यावर ती कळ सोसून, घामानं डबडबून टाच ओढायची आणि फोन हातात आला की लाल बटण असं दाबायची की स्क्रीनवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटायचा.

एकदा फोन बंद केल्यावर तिनं तो परत दिला नाही. म्हणाली, आता माझं भर ह्यात. आणि खुर्चीवर सरळ बसून तिनं कन्नडमध्ये गायला सुरुवात केली. गळा बसका, पण ताल पक्का. अर्थ असा, की पाट तुझ्या घरचा, त्याला वाळवी तुझ्या घरची, आणि दोष माझ्या कमरेला होय गं बीगिती. बीगिती म्हणजे विहीण. मी ते आईला पाठवलं. आईला कन्नडचं अक्षर कळत नाही, म्हणून फोन करून मीच अर्थ सांगितला, आणि खरं सांगते, त्यात पाण्याचा थेंब घातला नाही. आईला हसू आवरेना. दुपारपर्यंत तिकडून नवीन गाणं हजर.

मग जी जुंपली म्हणता. रोज सकाळी नातेपुत्याहून गाणं यायचं, अव्वा टॉवेल ओढून ते ऐकायची, बंद करायची, आणि जेवणापर्यंत उत्तर जुळवायची. जुळवताना पाय आपोआप खाली-वर व्हायचा. आईनं तिच्या घोरण्यावर म्हटलं, तिनं आईच्या तंबाखूवर. आईनं मैंदर्गीच्या बायकांची मापं काढली, तिनं आमच्या माळशिरसकडच्या ऊसवाल्यांची. गुरु घाबरला. म्हणाला, हे भांडण वाढलं तर दिवाळीला सासुरवाडीला कसं जायचं. मी त्याला म्हटलं, तू तुझा स्पीकर घेऊन मागावर जा. गुडघा दिवसादिवसाला वाकत होता. मंजुनाथ त्याच्या कोन मोजायच्या पट्टीनं मोजायचा आणि खूश होऊन जायचा.

माशी शिंकली ती अशी. एका उत्तरात अव्वानं एक कडवं घातलं. ते चिडवणारं नव्हतं. त्यात ती म्हणाली, की त्या दिवशी माझ्या मागं पंगत रिकामी होती, गोजरबाई, तू रिकाम्या पाटांवर गोळ्या झाडल्यास, त्यात कसला आलाय पराक्रम. मी आईला तेही जसंच्या तसं सांगितलं. तेवढं ऐकून आईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईचं गाणं आलं ते एकदम मऊ आवाजात. विहिणीला चंदनाचा पाट, सोन्याचा तांब्या, माझं चुकलं, पदरात घे. अव्वानं ते बंद केलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, चांगली बाई हाय बिचारी. माझेही डोळे भरून आले. किती छान, असं म्हणून मी चहासुद्धा ठेवला.

आणि अव्वा पलंगावर आडवी झाली. दुसऱ्या दिवशी उठेना. तिसऱ्या दिवशीही नाही. टॉवेल अंथरला, फोन ठेवला, जुनं पाटाचं गाणं लावलं, तर ती हसून ऐकायला लागली. कशाला ओढू, म्हणाली, गाऊ दे की तिला. राग गेला आणि त्याच्याबरोबर पायातलं बळही गेलं. मंजुनाथनं पट्टी लावली आणि त्याचा चेहरा उतरला. कमावलेलं सगळं मागं गेलं होतं, गुडघा पुन्हा आखडायला लागला होता, आणि तपासणी तीन दिवसांवर आली होती. त्या रात्री गुरु जेवला नाही. भूल, हृदय, आयसीयू हे सगळं तो बोलत नव्हता, पण मला त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मलाही भीती वाटत होती. मला अव्वा नको झाली होती अशा कितीतरी वेळा गेल्या आठ वर्षांत येऊन गेल्या, पण ती अशी जायला नको होती.

मी सकाळी आईला फोन लावला. म्हटलं, आई, शिव्या घाल.

"न्हाय बाई," आई म्हणाली. "आता जीभ उचलत न्हाय. त्या माऊलीला मी एकटीला गाठलं व्हतं गं भर पंगतीत. मला त्येची लाज वाटती."

मी म्हटलं, लाज नंतर वाटून घे, आधी दोन कडवी म्हण. ती तयार होईना. उलट मलाच विचारलं, तू त्या घरात एवढी वर्सं राहतीस, तुला काय तोंड न्हाय व्हय. मी फोन ठेवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

दिवाणखान्यात अव्वा खुर्चीवर बसली होती. पाय समोर लांब, लाकडासारखा. मी टॉवेल काढून बाजूला टाकला. फोनही आणला नाही. तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली आणि घसा साफ केला. मला गाता येत नाही. आईची मुलगी म्हणून लोकांना वाटतं की येत असेल, पण येत नाही.

सासू बसली खुर्चीवर, डोळा तिचा तव्यावर
भाकरीला चीर पडली, बातमी गेली गावभर

अव्वानं मान वर केली. मी तिच्यासमोर असं तोंड कधी उघडलं नव्हतं. मैंदर्गीला फोन करून ती माझ्या भाकऱ्यांचे काठ कसे चिरतात ते सांगते, हे मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. मी थांबले नाही. माझ्या माहेरच्या मटणावरून ती जेवणात काय काय बोलते ते म्हटलं, पाहुणे आले की माझी साडी कशी तपासते ते म्हटलं, गुरु वाळला की दोष माझा आणि सुटला तरी माझाच, तेही म्हटलं. यमक जुळतंय की नाही याकडं माझं लक्ष नव्हतं. अव्वाचे ओठ दाबले गेले, नाक फुगलं. हात पुढं आला, माझं तोंड बंद करायला. मी जरा मागं सरकले.

आणि मग जे ठरवलं नव्हतं ते आलं.

आठ संक्रांती सरल्या गं, हळदीकुंकू बायकांना
गुरुची बायको सांगती मला, सून म्हणता येईना

हे गाताना माझा आवाज फाटला. कारण ते खरं होतं. देवळात, दवाखान्यात, लग्नकार्यात कुणीही विचारलं, ही कोण, की अव्वा म्हणायची, ही गुरुची बायको. जणू गुरुनं कुठून तरी आणून ठेवलेली वस्तू, तिचा आपला काही संबंध नाही. पहिली दोन वर्षं मला त्याचं रडू यायचं. पुढं रडणं बंद झालं, ऐकू येणं बंद झालं नाही. तेच कडवं मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

अव्वानं खुर्चीचे हात धरले नाहीत. वॉकरकडं बघितलं नाही. तिनं उजवी टाच मागं घेतली, अजून मागं, खुर्चीच्या पायाला लागेपर्यंत, कळ तिच्या तोंडावर उमटली, आणि ती माझ्या दिशेनं वाकून उभी राहिली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मी गात-गात बसल्या-बसल्या मागं सरकत होते आणि ती माझ्यामागं येत होती. मी दाराशेजारच्या भिंतीला टेकले तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती, धापा टाकत, दोन्ही हात मोकळे.

मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. त्याच दारातून मंजुनाथ आत आला. तो बॅग खाली ठेवायचं विसरला. आधी त्यानं अव्वाच्या पायांकडं बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडं, मग फरशीवर बसलेल्या माझ्याकडं. गाण्याचा आवाज त्यानं रस्त्यापासून ऐकला असणार, कारण पहिलं त्यानं तेच विचारलं, की आज कोण गायलंय.

"माझी सून हाय," अव्वा म्हणाली. "गळा आईचा न्हाय घेतला. फुटका डबा हाय नुसता."

मंजुनाथनं तिला हळूच खुर्चीवर बसवलं आणि पट्टी काढली. पाय काटकोनाच्या पुढं गेला होता. त्यानं दोनदा मोजून बघितलं आणि गुरुला फोन लावायला बाहेर गेला. मी अजून फरशीवरच होते. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं, नाक गळत होतं, पदर सापडत नव्हता. अव्वानं वाकून बाजूचा टॉवेल उचलला आणि माझ्या तोंडावर फेकला.

"तोंड पूस," ती म्हणाली, "आणि पुढचं म्हण. माझं उत्तर अजून व्हायचंय."